जुनी बंदूक : दुरुस्ती किती, कोठवर?

सव्वाशे वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला बनलेली छऱ्यांची एक दुनळी बंदूक आहे असे समजू. नळ्यांत गंजाचे खड्डे आहेत, बाहेरचा तपकिरी रंग विटला आहे, दस्त्याला बारीक चीर आहे. मालकाला ती भिंतीवर टांगायची नाही. इंग्लंडमधल्या शेतशिवारात शिकारीला न्यायची आहे. मग तिची दुरुस्ती किती करावी? प्रश्न हौसेचा वाटतो, पण उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

त्या काळच्या पुष्कळ नळ्या 'दमास्कस' पद्धतीच्या असत. लोखंड आणि पोलाद यांच्या सळया एकत्र पिळून त्यांची पट्टी करत. ती दांड्याभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधत. नळीवर आम्लाची क्रिया केली की सुंदर नक्षी उमटते. ही नक्षी म्हणजे सांध्यांचा नकाशाच! पण एखाद्या सांध्यात मळी अडकली असेल, तर ती बाहेरून दिसेलच असे नाही.

खड्डे कशामुळे पडतात? जुन्या काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात उरते. त्यातील पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा शोषतात. नळी वेळीच धुतली नाही की गंज चढतो.

कारागीर नळी आतून घासून खड्डे काढून टाकू शकतो. पण यात खड्डा भरत नाही. त्याच्या भोवतीचा धातू तेवढा कमी होतो. नळी गुळगुळीत होते आणि पातळही होते. याचा परिणाम एका सोप्या सूत्राने कळतो. पातळ भिंतीच्या नळीसाठी,

ताण = दाब × त्रिज्या ÷ जाडी

'बारा बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीएवढा नळीचा व्यास, सुमारे १८.५ मिमी. त्रिज्या ९.२५ मिमी झाली. नळीच्या एखाद्या ठिकाणी दाब १० मेगापास्कल आहे असे धरू. जाडी १ मिमी असेल तर ताण ९२.५ मेगापास्कल येतो; जाडी ०.५ मिमी असेल तर १८५. जाडी निम्मी, ताण दुप्पट. लांबीच्या दिशेने येणारा ताण याच्या निम्माच असतो, म्हणून नळी फुटते ती बहुधा उभी चिरत. नेमबाजाचा पुढचा हात नळीखालीच असतो, हे येथे विसरता येत नाही.

म्हणून पहिले काम घासण्याचे नव्हे, मोजण्याचे. आतला व्यास आणि भिंतीची जाडी नळीच्या लांबीवर अनेक ठिकाणी मोजावी. काडतूस बसते त्या भागाची लांबीही पाहावी. अडीच इंची काडतुसासाठी केलेल्या भागात पावणेतीन इंची काडतूस घातले, तर त्याचे तोंड पूर्ण उघडण्यास जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

नंतर नळीवरच्या परीक्षणाच्या खुणा वाचाव्यात. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ सालचे. तेथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे बार काढून नळी तपासतात. १९५४ नंतरच्या तेथील खुणांत मुकुटाखाली 'बीएनपी' असेल, तर नळीचे परीक्षण धूरविरहित दारूसाठी झाले आहे. ही दारू तेवढ्याच वजनात काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा देते. नळी घासून व्यास ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की जुने परीक्षण बाद ठरते, आणि अशी बंदूक विकणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. पुन्हा परीक्षण करून घेता येते, पण त्यात नळी फुटूही शकते.

यावरून निर्णयाची दिशा दिसते. जाडी पुरेशी आणि खड्डे उथळ असतील, तर ते तसेच ठेवून, नळी स्वच्छ राखून, कमी दाबाची काडतुसे वापरावीत. दस्त्याची चीर मात्र भरून घ्यावी, कारण धक्का तोच झेलतो. खड्डे खोल आणि भिंत पातळ असेल, तर दोन वाटा उरतात. नळ्या मुळाजवळ कापून त्यांत नव्या पोलादी नळ्या बसवायच्या व पुन्हा परीक्षण करून घ्यायचे, किंवा बंदूक न वापरता जपायची. पहिल्या वाटेने बंदूक शेतात जाते, पण दमास्कसची नक्षी बहुतेक सगळी जाते आणि ती परत आणता येत नाही. नक्षी दुर्मीळ असेल तर दुसरी वाट बरी.

वर्गासाठी एक उदाहरण : जाडी ०.८ मिमी आहे. ०.१५ मिमी खोल खड्डे आतून घासून काढले. त्याच दाबाला ताण किती वाढेल? त्रिज्येतील वाढही धरावी. उत्तर सुमारे २५ टक्के येते.