विटांतून उमटलेले साल
दक्षिण न्यू जर्सीतील सेलम काउंटीत हॅनकॉक हाउसच्या त्रिकोणी माथ्याच्या भिंतीवर १७३४ हे साल आणि विल्यम व सेरा हॅनकॉक या दांपत्याची आद्याक्षरे दिसतात. ती रंगवलेली नाहीत. लाकडाच्या भट्टीत आगीलगतच्या विटांची टोके भाजून निळसर, काचेसारखी होत. गवंडी नेमकी तीच टोके दर्शनी ठेवून अक्षरे व नागमोडी नक्षी साधत. संपन्न क्वेकर शेतकऱ्यांची ही हौस. साधेपणाच्या त्यांच्या शिकवणीशी मात्र ती फारशी जुळत नाही. अशा जुन्या घराच्या दरजा चुन्यानेच भराव्यात. कठीण सिमेंट भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. हिवाळ्यात ती गोठते, मऊ विटेचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर नक्षीही जाते.