कोहोजचा चढ, अकलोलीचे ऊन पाणी

दिवाळीच्या सुट्टीत वसई-विरारमधल्या गाड्या बहुतेक करून लोणावळा, माळशेज किंवा महाबळेश्वरची वाट धरतात. मुंबई ओलांडण्यातच सकाळ सरते. डोंगर, किल्ला आणि गरम पाण्याची कुंडे ही तिन्ही एकाच फेरीत साधायची असतील, तर मात्र मुंबईकडे तोंड करण्याची गरज नाही. शिरसाड मागे टाकून अहमदाबादच्या दिशेने निघाले की साकवारजवळ उजव्या हाताला टकमक गड उभा राहतो. पुढे वरई फाट्यावरून सफाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तांदुळवाडीचा किल्ला आहे. मनोरच्या पलीकडे खोडकोन्याच्या डोक्यावर अशेरी, तर मनोर-वाडा रस्त्यावर कोहोज. या डोंगरांच्या दक्षिणेला तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे जमिनीतून गरम पाणी वर येते.

या साऱ्यांना जोडणारी गोलाकार वाटही तयारच आहे. विरारहून महामार्गाने मनोर, तिथून वाड्याच्या रस्त्याने वाघोटे, कोहोजचा किल्ला, मग वाडा, कुडूस, अंबाडी, वज्रेश्वरी आणि दुसऱ्या दिवशी उसगाव-शिरसाडमार्गे घर. दोन दिवसांत ही फेरी आरामात होते. मात्र ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वेळी करायची, यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते.

वेळापत्रक उलटे आखावे

सहलीचा बेत साधारणपणे 'किती वाजता निघायचे' इथून सुरू होतो. डोंगरात जायचे असेल तर तो 'अंधाराआधी कुठे पोहोचायचे' इथून सुरू करावा. नोव्हेंबरच्या मध्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि झाडीत त्याही आधी अंधारून येते. म्हणजे साडेचारपर्यंत वज्रेश्वरीच्या मुक्कामी पोहोचायला हवे. वाडा रस्त्याचे खड्डे आणि कुडूस परिसरातल्या कारखान्यांची अवजड वाहने धरली, तर वाघोटे गाव दोनच्या आत सोडावे लागते. त्यासाठी गडावरून उतरायला साडेअकराला सुरुवात करावी लागते. चढाईला दोन तास आणि गड पाहायला तास-दीड तास लागतो, म्हणून आठच्या सुमारास चढायला लागलेच पाहिजे. असा हिशेब करत मागे आले की विरार सोडण्याची वेळ पहाटे पावणेसहाच्या आसपास निघते.

यातली साडेअकराची वेळ सर्वांत महत्त्वाची. माथा गाठला असो वा नसो, त्या ठोक्याला परत फिरायचे, हे घरून निघतानाच सर्वांसमोर ठरवून ठेवावे. वर पोहोचल्यावर 'अजून फक्त दहा मिनिटे' म्हणणारे कोणीतरी असतेच. ठरलेली वेळ असेल तर गटातल्या थकलेल्या माणसाला स्वतःहून थांबा म्हणण्याची वेळ येत नाही.

महामार्गाची शिस्त

मुंबई-अहमदाबाद महामार्ग हा देशातल्या सर्वाधिक मालवाहतुकीच्या रस्त्यांपैकी एक आहे. विरारकरांसाठी तो रोजचा असला तरी त्याच्याशी सलगी करून चालत नाही. मनोर ते चारोटी दरम्यानच्या मेंढवण खिंडीत वारंवार अपघात झाले आहेत. पुढे चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागच्या आसनांवर होते, त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता आणि दोघांचाही मृत्यू झाला. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. ती भरदुपारची वेळ होती आणि गाडी आधुनिक सोयींनी सज्ज होती.

मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(ब) नुसार बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड होतो. दंडापेक्षा मोठे कारण साधे आहे. गाडी अचानक थांबली तरी बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या आसनावरच्या माणसालाही इजा करतो. मुलांना मांडीवर घेऊन बसण्याची सवयही याच कारणासाठी सोडायला हवी. टक्कर झाली तर हातांची पकड टिकत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टायरमधली हवा थंड असताना तपासावी आणि स्टेपनीलाही विसरू नये. ब्रेक, कूलंट, वायपर आणि मागचे दिवे पाहून घ्यावेत. वाघोबा किंवा तांदुळवाडीसारख्या घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर कमी लागतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा. रात्री महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभे असलेले ट्रक हा आणखी एक मोठा धोका आहे. अंधारात गाडी चालवायची वेळच येऊ नये, असा बेत ठेवण्याचे तेही एक कारण.

कोहोजच्या वाटेवर

वाघोटे गावाजवळ पाझर तलाव आहे आणि त्याच्या बाजूनेच गडाची वाट सुरू होते. माथ्यावर पाण्याची टाकी, मारुती आणि सर्वांत वर श्रीकृष्णाचे छोटे देऊळ आहे. वाऱ्यापावसाने झिजून माणसाच्या आकाराचा झालेला सुळका लांबूनही ओळखता येतो. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेइतके वाढलेले असते आणि गुरांच्या वाटा मूळ वाटेत मिसळतात. अशा दिवसांत गावातला वाटाड्या सोबत घेणे शहाणपणाचे असते. त्याला योग्य मोबदला द्यावा आणि निघण्यापूर्वी किती जण वर जात आहेत, किती वाजता उतरणार आहेत, हे गावात सांगून ठेवावे. हीच माहिती घरच्या एका माणसाकडेही असावी, कारण वर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर जाऊ नये. खायला भाकरी-चटणी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू घ्यावेत. वसईकरांना आणखी काही शोधायची गरज नाही, कारण राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी हा चढावर चघळायला उत्तम पदार्थ आहे. पिशवीत मीठ-साखरेची पुडी, बॅटरी, शिट्टी, बँडेज आणि नेहमीची औषधे असावीत. बुटांचा तळ खाचांचा हवा. गुळगुळीत तळाच्या चपलांनी सुक्या मुरमावर घसरायला होते.

सह्याद्रीत उंचीपेक्षा छोट्या गोष्टी जास्त छळतात. कड्यांना आग्या माश्यांची मोहोळे असतात आणि धूर किंवा उग्र अत्तराने त्या चवताळतात. गडावर चूल पेटवू नये. दगडाखाली हात घालू नये, तिथे फुरसे किंवा विंचू असू शकतो. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश एकेकाळी लहान मुलांच्या जिवावर बेतत असे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून या दंशाचे मृत्यू खूप कमी करून दाखवले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहेत, पण ते दवाखान्यात आहेत. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काहीही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलू न देता आधार द्यावा आणि माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. साप पकडून दाखवण्यात वेळ घालवण्याची गरज नसते.

चढाईची सवय नसलेल्यांनी आधी तुंगारेश्वरच्या जंगलवाटेने देवळापर्यंत चालून पाहावे. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसाचे जंगल यांना जोडते, म्हणून बिबट्यांचा इथे राबता आहे. 2024 मध्ये तर एक बिबट्या वसई किल्ल्याच्या परिसरात आठवडे काढून राहिला आणि वन विभागाने त्याला शेवटी पिंजऱ्यात घेतले. लहान मुलांना पुढे पळू न देणे आणि संध्याकाळ होण्याआधी बाहेर पडणे इतके पाळले तरी पुरते.

पाणी तापते कुठे?

वज्रेश्वरीचा डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी आणि त्यामुळे पाणी गरम, असे अनेकदा सांगितले जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून दख्खनचा दगड तयार झाला हे खरे, पण तो केव्हाच निवला आहे. आज कुंडात येणारे पाणी मुळात पावसाचेच आहे. ते भेगांमधून खूप खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येते आणि वाटेत क्षार, गंधक सोबत घेते. उत्तरेला पालघरमधल्या कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे आहेत. हळोली, सातिवली, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, खेडचे उन्हवरे, संगमेश्वरजवळचे तुरळ ही सगळी एकाच माळेतली नावे.

वज्रेश्वरीच्या देवळाला वसईच्या इतिहासाचाही धागा आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि मे 1739 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडल्यावर देऊळ बांधले गेले. किल्ल्यासारखे दिसणारे दार आणि बावन्न पायऱ्या आजही त्या काळाची आठवण देतात.

कुंडात उतरण्यापूर्वी

तानसाकाठच्या झऱ्यांचे तापमान साधारण 45 ते 60 अंशांच्या दरम्यान नोंदले गेले आहे. अंघोळीला चाळीस अंशांचे पाणीही चांगले कढत लागते, आणि साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजते. म्हणून अकलोलीत किंवा गणेशपुरीत शेजारच्या कुंडात लोक डुंबत आहेत हे पाहून आपल्या कुंडात उडी मारू नये. प्रत्येक कुंडाची ऊब वेगळी असते. आधी तांब्याने पाणी घेऊन हातावर ओतावे, मग पाय सोडून बसावे. मुलांना कुंडाच्या काठावर एकटे सोडू नये, काठाचे दगड बुळबुळीत असतात.

चढाईहून आलेले शरीर आधीच कोरडे पडलेले असते. त्यात गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठल्यावर भोवळ येते. आधी तासभर विसावा, भरपूर पाणी आणि हलके खाणे, मग दहा-पंधरा मिनिटे कुंड. हृदयविकार किंवा रक्तदाबाची तक्रार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. उघडी जखम असेल तर थांबावे. पाण्यात डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. गोड्या उबदार पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असे आजार दुर्मिळ आहेत, पण झाल्यास बहुधा जीव जातो. कुंडातल्या पाण्याने त्वचेला आराम वाटतो, तरी चालू औषधे बंद करू नयेत. साबण-शाम्पू कुंडाबाहेरच ठेवावेत.

गरम पाण्यातून निघाल्यावर अंग सैलावते आणि पापण्या जड होतात. या अवस्थेत स्टिअरिंग हाती घेणे महामार्गावर फार धोक्याचे आहे. दिवसभर चढलेला, संध्याकाळी कुंडात बसलेला आणि रात्री घर गाठण्याच्या घाईत असलेला चालक डुलकीच्या अगदी जवळ असतो. वज्रेश्वरीला किंवा गणेशपुरीला मुक्काम ठेवण्याचे खरे कारण हेच. कुंडानंतर जेवण, झोप आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी उसगावच्या रस्त्याने शिरसाड. वज्रेश्वरीहून विरार साधारण तीस किलोमीटरवर, म्हणजे सकाळी निघून न्याहारीपर्यंत घर.

पावसाळा आणि मदत

हीच फेरी जुलैत करण्याचा मोह आवरावा. तानसा फुगली की काठची कुंडे पाण्याखाली जातात. कामणजवळच्या चिंचोटी धबधब्यावर जुलै 2018 मध्ये शंभराहून अधिक पर्यटक पुरात अडकले होते. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरात वर पडलेला पाऊस खाली येईपर्यंत ऊनही असू शकते. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहून येणे किंवा आवाज वाढणे ही खूण दिसताच वरच्या कोरड्या बाजूला चढावे, सामान घ्यायला थांबू नये. हवामान खात्याचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर सहल पुढे ढकलावी.

तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत, कारण फोनची बॅटरी संपते. अपघातात सापडलेल्या माणसाला रुग्णालयात नेणाऱ्याला 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

ही फेरी जमली की पुढच्या हिवाळ्यासाठी पालीचा बेत आखता येतो. सरसगडाची सकाळची चढाई, बल्लाळेश्वराचे दर्शन आणि उन्हेऱ्याच्या कुंडाशेजारच्या गावात मुक्काम. अंतर जास्त असल्याने तिथे चालवणारी माणसे दोन हवीत, दर दोन तासांनी थांबा हवा आणि परतीचा प्रवास सकाळचाच हवा.