दोन स्क्रीन, एक पिक्चर आणि आजीचा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आजचा किस्सा माझ्याच घरचा.

दिवाळीत सगळे जमलो होतो. आजीच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती आतल्या खोलीत पडून. म्हणाली, "तुम्ही बाहेर हसणार, आणि मी भिंतीकडे बघू का रे?" मी लगेच एचडीएमआय स्प्लिटर आणला. लॅपटॉपमधून एक वायर हॉलच्या टीव्हीला, दुसरी आजीजवळच्या जुन्या मॉनिटरला. घरच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, दोन्हीकडे झकास! मग अ‍ॅपवर पिक्चर लावला, आणि दोन्हीकडे अंधार.

म्हणजे वायर ठीक, स्प्लिटरही ठीक. मग अडलं कुठे? एचडीसीपीमध्ये.

हे इंटेलने बनवलेलं कुलूप. वाटेत कोणी व्हिडिओची कॉपी करू नये म्हणून. पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असतात. वायर जोडली की दोन्ही बाजू आपापलं गणित करतात. उत्तर जुळलं, तरच चित्र पुढे जातं.

आता स्प्लिटरची गंमत बघा. तो नळाच्या तोटीसारखा नुसता वाटप करत नाही. तो कुलूप उघडतो, प्रत्येक स्क्रीनसाठी पुन्हा लावतो, आणि पुढे कोण कोण जोडलंय याची यादी लॅपटॉपला कळवतो. पहिल्या पिढीत अशी १२७ उपकरणं चालतात, दुसरीत ३१. आमच्या मॉनिटरला एचडीसीपी कळतच नव्हतं. एक पाहुणा ओळख देईना, म्हणून पंगतच उठली! काही स्प्लिटर फक्त तेवढीच स्क्रीन बंद ठेवतात, आमचा तसला नव्हता. लग्नाच्या व्हिडिओला कुलूपच नाही, म्हणून तो चालला.

२०१० मध्ये पहिल्या पिढीची मूळ किल्लीच इंटरनेटवर फुटली. आता ४के पिक्चरला बहुतेक वेळा एचडीसीपी २.२ लागतं. साखळीत एक जरी जुना टीव्ही असला, तर १०८०पी वर समाधान मानायचं, नाहीतर काळा पडदा.

तुमच्याकडे असं झालं तर आधी एकेक स्क्रीन काढून बघा, दोषी लगेच सापडतो. स्प्लिटर घेताना खोक्यावर एचडीसीपीची आवृत्ती वाचा. आणि दोन्ही टीव्ही स्मार्ट असतील, तर स्प्लिटर कशाला? प्लॅनमध्ये दोन स्क्रीन असतील तर दोन्हीकडे अ‍ॅपच लावा.

मी काय केलं? काकांच्या खोलीतला टीव्ही आजीकडे हलवला. पिक्चर सुरू झाला, आणि पहिलं हसू आतल्या खोलीतून आलं.

भेटू पुढच्या भागात!