अठरा बाळांमागे एक

संशोधकाच्या निबंधातून मंत्रालयासाठी दोन पानी टिपण काढायला बसलो, की पद्धतीची पानं आधी मागे जातात. संशोधकाला ते लागतं. त्याची वर्षांची मेहनत त्याच पानांत असते. पण टिपण बहुतेक वेळा आधी कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं. त्याला बघायचं असतं, करायचं काय, करणार कोण आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा.

नव्या संशोधकांपुढे मी गडचिरोलीचा अभ्यास ठेवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 47 गावं तुलनेसाठी होती. 1999 साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. टिपण लिहायला दिलं की बहुतेक जण हाच आकडा माथ्यावर घेतात. मी त्यांना त्याच निबंधातलं आणखी एक वाक्य शोधायला लावतो: दर 18 बाळांची काळजी घेतली तेव्हा एक मृत्यू टळला, आणि एका बाळामागे खर्च आला 5.3 डॉलर. टक्केवारी ऐकून माना डोलतात. या दोन आकड्यांवरून मात्र जिल्ह्याचं अंदाजपत्रक मांडायला घेता येतं. त्या एका मृत्यूत पोटातच दगावलेली बाळंही धरली आहेत. टिपण कितीही आखूड झालं तरी हे मी गाळू देत नाही. आकडा सोपा करावा, फुगवू नये.

मग ठरलेला प्रश्न येतो: गडचिरोलीत जमलं, इतरत्र जमेल का? त्याचं उत्तर चांगल्या भाषेने देता येत नाही, पुन्हा करूनच दाखवावं लागतं. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ते करून पाहिलं.

पुढे 2011 साली केंद्राने नवजात बाळाच्या याच घरच्या काळजीबद्दल आशा सेविकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. निबंधापासून इथवर यायला बारा वर्षं गेली. एवढा काळ एखाद्या टिपणाने वाचत नाही. पण कागद कळला नाही म्हणून फाइल पडून राहते, ते महिने वाचू शकतात. त्यासाठीच मी संशोधकाचा खर्डा पुन्हा पुन्हा परत पाठवतो.