गेट एका कंपनीचं, पगार दुसऱ्याचा : कारखान्यातलं कंत्राट समजून घेऊया

आजचा भाग वडखळचा. मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागला वळतो तोच नाका. इथून जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. आधी इस्पातचा होता, 2010 च्या शेवटी जेएसडब्ल्यूनं घेतला. पुढे नागोठणे, मग रोह्याची धाटाव एमआयडीसी. या पट्ट्यात कुणालाही "कुठे कामाला?" विचारा, मोठ्या कंपनीचं नाव सांगेल. "परमनंट?" विचारलंत की आवाज जरा खाली येतो. "नाही रे, कॉन्ट्रॅक्टमध्ये."

माझ्या मामेभावाचंच बघा. एका प्लांटमध्ये (नाव सांगत नाही) सहा वर्षं तोच कन्व्हेअर सांभाळला. त्यात ठेकेदार तीन बदलले. बूट तेच, सुपरवायझर तोच, फक्त गेटपासवरचं नाव नवीन. नोकरी सुटल्यावर ग्रॅच्युइटी मागायला गेला, तर म्हणे, "आमच्याकडे तुझी दोनच वर्षं झालीत." ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा नियम एका मालकाकडे सलग पाच वर्षांचा. दर दोन वर्षांनी मालकच बदलला तर पाच भरणार कधी?

आता कंपनीची बाजू. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे नवीन नाही. आम्हीही क्लायंटच्या ऑफिसात बसतो आणि पगार दुसऱ्याचा घेतो. कारखान्यातली कंत्राटं मात्र दोन वेगळ्या जातींची असतात, आणि लोक इथेच गल्लत करतात. पहिलं कामाचं. म्हणजे भट्टीचं अस्तर बदलणं, क्रेनची देखभाल, पाणी शुद्धीकरणाचा प्लांट चालवणं. ठेकेदार स्वतःची हत्यारं, स्वतःचे इंजिनिअर आणतो आणि पैसे कामाच्या निकालावर घेतो. असं कौशल्य वर्षभर पगारावर ठेवणं कंपनीला परवडत नाही, हे मला पटतं. दुसरं नुसतं माणसं पुरवण्याचं. मशीन कंपनीचं, हुकूमही कंपनीचा, ठेकेदार फक्त हजेरी लावून कमिशन कापतो. भाऊ होता तो या दुसऱ्या खात्यात.

कायदा काय म्हणतो? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराला लायसन्स आणि कंपनीला नोंदणी लागायची. 20 कामगारांपासून तो लागू होता, महाराष्ट्रानं पुढे ती मर्यादा 50 केली. त्यातली सगळ्यात कामाची तरतूद अशी, की ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कंपनीनं द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. पीएफचंही तसंच, शेवटची जबाबदारी कंपनीवर. 2020 च्या नव्या संहितेतही पगाराची ही जबाबदारी आहे. शिवाय कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी माणसं नकोत असं तिच्यात लिहिलंय. पण अपवाद वाचलेत तर दार बरंच उघडं दिसेल. जे काम एरवीही ठेकेदाराकडूनच करून घेतलं जातं, ते चालतं!

मग परमनंट होता येतं का? सुप्रीम कोर्टानं 2001 मध्ये 'सेल'च्या खटल्यात सांगितलं, की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. मात्र कंत्राट नुसतं कागदावरचं सोंग असेल, तर कामगार कंपनीचाच मानता येतो. ते सिद्ध करायचं औद्योगिक न्यायालयात, आणि पुरावा आणायचा कामगारानं. सुट्टी कोण मंजूर करायचं? काम कोण सांगायचं? कामावरून काढलं कोणी?

म्हणून पुरावा आजच जमवा. यूएएन एकच ठेवा. ठेकेदार बदलला तरी तोच नंबर द्या, म्हणजे पीएफ तुटत नाही. उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा, स्लिपमध्ये कापलेले पैसे खरंच जमा झालेत का. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड मागा. आणि जुना गेटपास परत देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

भावानं काढले नव्हते. आता तो जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले शिफ्टचे मेसेज शोधतोय. त्यात ड्युटी लावणारा माणूस कंपनीचा आहे, ठेकेदाराचा नाही. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दिलाय. पुढची तारीख लागली की सांगतो तुम्हाला.