साचा, कलम आणि नक्कल : प्रतिरूपाच्या परिभाषेविषयी

एका वस्तूपासून तशीच दुसरी सिद्ध करण्याच्या क्रियेला मराठीत एकच नाव नाही. हे भाषेचे दारिद्र्य नसून तिचा विवेक आहे. ‘क्लोन’ या शब्दास मराठी प्रतिशब्द योजताना तो विवेक दृष्टीआड होतो, व त्याबरोबर एका नैतिक प्रश्नाचा निकालही नकळत लागून जातो.

बालकांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेत काल्पनिक प्राणी पकडून त्यांचा संग्रह करावयाचा असतो. 1996 च्या मूळ खेळातील एका दैनंदिनीत ‘म्यू’ या प्राण्याने पिलास जन्म दिला, असा उल्लेख आहे. 1998 च्या चित्रपटात मात्र तेच पिलू, म्हणजे ‘म्यूटू’, म्यूच्या जनुकद्रव्यात फेरफार करून प्रयोगशाळेत घडविले जाते. ‘टू’ म्हणजे दुसरा; नावातच त्याचे दुय्यमत्व कोरलेले आहे. पुढे म्यूटू इतर प्राण्यांची प्रतिरूपे निर्माण करतो, आणि मूळ प्राणी व प्रतिरूपे थकून कोसळेपर्यंत एकमेकांशी झुंजतात. खरा कोण, हा त्या झुंजीचा विषय होय.

या प्रतिरूपास मराठीत काय म्हणावे? पेणच्या गणपती-कारखान्यांतील शब्द प्रथम आठवतो : ‘साचा’. कारागीर आधी मूळ मूर्ती घडवितो, तिच्यावरून साचा उतरवितो, आणि साच्यातून अनेक मूर्ती निघतात. साचा केवळ बाह्य आकार देतो. मूळ मूर्तीतील मातीचा कणही नव्या मूर्तीत येत नाही. शिवाय साच्यातून निघालेली मूर्ती अपुरीच असते. रंगकाम व डोळ्यांची आखणी हातानेच व्हावी लागते, आणि तेथे मूर्ती मूर्तीहून वेगळी होते. ‘साचेबंद’ हा शब्द निंदाव्यंजक झाला असला, तरी साच्याचा खरा व्यवहार इतका यांत्रिक नाही.

दुसरा शब्द कोकणातील बागांतला : ‘कलम’. हापूसची कोय पेरली असता हापूसच येईल याची शाश्वती नाही. अशा रोपाचा आंबा रायवळ ठरतो. म्हणून रोपावर हापूसची काडी बांधतात. येथे आकाराची नव्हे, तर जीवाचीच पुनरावृत्ती होते. ‘क्लोन’ हा शब्दही मूळचा बागेतलाच आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी असा असून, 1903 मध्ये हर्बर्ट वेबर यांनी तो वनस्पतींच्या अशाच वाढीसाठी योजिला. प्राण्यांकडे तो पुढे वळला. 1996 मध्ये स्कॉटलंडात डॉली ही मेंढी जन्मली. त्यासाठी 277 पुनर्रचित बीजांडांतून एकच जिवंत पिलू लाभले. 2009 मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत गरिमा ही म्हैस जन्मास आली. दोघीही पिलू म्हणूनच जन्मल्या व वाढल्या. तयार प्राण्याचा ठसा उमटावा तशा अवतरल्या नाहीत.

तिसरा शब्द ‘नक्कल’. रंगभूमीवर तो उपहासाचा आहे, परंतु कचेरीत ‘खरी नक्कल’ मुळाइतकीच ग्राह्य धरतात. एकाच शब्दात तुच्छता व प्रामाण्य एकत्र नांदतात, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे प्रसंग ठरवितो. ‘प्रति’ या उपसर्गाचेही तसेच आहे : ‘प्रतिबिंब’ यात सादृश्य, तर ‘प्रतिस्पर्धी’ यात विरोध. म्यूटूच्या कथेत ही दोन्ही अंगे एकत्र येतात.

यावरून निष्कर्ष असा. म्यूटूस ‘नकली’ म्हटले की झुंजीचा निकाल आधीच लागला. ‘साच्यातला’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक, कारण त्याच्याकडे म्यूचा आकार नसून बदललेले जनुकद्रव्य आहे. ‘कलमी’ हा शब्द वस्तुस्थितीच्या सर्वांत निकट जातो, आणि मराठीत त्याला हीनतेचा वास नाही. उलट बाजारात कलमी आंब्यालाच मान असतो. मात्र हापूसची काडी बदलून बांधीत नाहीत. म्यूटूच्या बाबतीत काडीच बदललेली आहे. तेवढा भेद ध्यानी ठेवावा लागेल.

परिभाषा घडविणाऱ्याने शब्दाचा अर्थ पाहावाच. परंतु तो शब्द ज्याला लावावयाचा, त्याची योग्यता शब्दानेच कमी तर होत नाही ना, हेही पाहावे. कर्नालची म्हैस ‘नकली’ म्हणवली गेली असती, तरी तिची भूक खरीच राहिली असती.