पडलेली गाडी उभी करताना (भाग ४) : आधी टी, मग टाकी

अपघातानंतर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की हातात जे एस्टिमेट पडतं, त्यातली निम्मी नावं प्लास्टिकची असतात. हेडलाईट, व्हायझर, इंडिकेटर, पुढचं मडगार्ड, साईड पॅनल, शेपटीचं कव्हर. सुटी सुटी पाहिली तर किरकोळ, पण बेरीज पाहून गाडी भंगारात द्यावी असं वाटतं. गेल्या आठवड्यात आपण विम्याचा हिशेब पाहिला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे पूर्ण विमा असला तरी प्लास्टिकचा निम्मा भार तुमच्याच खिशावर. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर सगळाच.

म्हणून माझं सांगणं असं : पैसे कमी असतील तर फुटलेलं प्लास्टिक परत विकत घेऊ नका. त्याच्याशिवायही देखणी दिसेल अशी गाडी घडवा आणि वाचलेला पैसा पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडात घाला. कस्टमायझेशन म्हणजे सगळी दुरुस्ती झाल्यावर करायची चैन, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर पडलेल्या गाडीच्या बाबतीत तीच काटकसर ठरू शकते.

या कलेचा इतिहासही तेच सांगतो. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री मोटारींना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असायचं. कंपनी नुसतं इंजिन देत नसे. मग मोटारवाले अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन काढायचे आणि सांगाडा विकून टाकायचे. हा सांगाडा होता बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसने रचलेला ‘फेदरबेड’. वळणावर इतका स्थिर, की त्या काळी त्याला तोड नव्हती. पोरांनी त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं आणि ‘ट्रायटन’ नावाची गाडी जन्माला आली. पुढे १९८० च्या दशकात फेअरिंगवाल्या स्पोर्ट्स बाईक आल्या. त्या पडल्या की नव्या फेअरिंगची किंमत ऐकूनच मालक हबकायचे. त्यांनी फुटकी फेअरिंग काढून टाकली, सरळ हँडल लावलं, पुढे दोन गोल दिवे बसवले. त्या रूपाला ‘स्ट्रीटफायटर’ म्हणू लागले. १९९७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्रिपलने दोन गोल दिव्यांचा तोच चेहरा थेट कारखान्यातून बाहेर आणला. लोकांनी नाइलाजाने केलेलं काम कंपन्यांनी उचललं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या गाडीकडे येऊ. या मालिकेत आपण पल्सर १५० धरली आहे, २०१० च्या आसपासची. समोरून धडकलेली, मग उजव्या अंगावर घसरलेली. हेडलाईट आणि त्याच्या भोवतीचं फेअरिंग यांचा चुरा झाला आहे, टाकीला पोचा आहे, हँडल वाकडं दिसतं आहे. यातलं हँडल सगळ्यात आधी बघायचं.

हँडल वाकडं दिसलं म्हणजे काहीतरी वाकलंच, असं नाही. शॉकअपचे दोन पाईप वरच्या आणि खालच्या टीमध्ये, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांत, बोल्टांनी आवळलेले असतात. धक्का बसला की पाईप टीमध्ये पीळ खाऊन सरकतात. सगळे भाग सरळ, फक्त एकमेकांशी तिरके. टीचे बोल्ट आणि एक्सल थोडे सैल करा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा, हँडल हलक्या झटक्याने उलट बाजूला फिरवा. मग पुढचा शॉकअप चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पाईप आपल्या जागी बसतील. आधी एक्सल आणि मग खालून वर टीचे बोल्ट आवळा. साध्या पडझडीत कित्येकदा एवढ्यावरच भागतं, आणि नेमक्या याच अवस्थेत लोक घाबरून नवा शॉकअप सेट घेऊन मोकळे होतात.

आपली गाडी समोरून धडकली आहे, त्यामुळे पाईप बाहेर काढावेच लागतील. काचवाल्याकडून जाड काचेचा सपाट तुकडा आणा. पाईप पुसून कोरडा करा, काचेवर आडवा ठेवा, तळहाताने हळू लोळवा आणि डोळा काचेच्या पातळीला नेऊन मागच्या उजेडाकडे पाहा. पाईप सरळ असेल तर त्याच्याखालची उजेडाची रेघ सारखी राहते. वाकलेला असेल तर ती मध्येच रुंदावते, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात मिटते, पुन्हा रुंदावते. फट किती आहे ते फिलर गेजने कळतं. अनेक सर्व्हिस मॅन्युअलांत ०.२ मिमीच्या पलीकडचा वाक नापास धरलेला असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शोधा आणि तोच पाळा.

वाकलेला पाईप प्रेसवर सरळ करून देणारे कारागीर गावोगाव आहेत आणि त्यांच्या हाताला कसबही आहे. तरी मी नवाच पाईप घ्यायला सांगेन. वाकताना वरच्या कडक क्रोमला बारीक चिरा जातात. तिथून गंज शिरतो, गंजाची खरखरीत कड ऑईल सील कापते आणि गळलेलं तेल डिस्कपर्यंत पोहोचू शकतं. ब्रेक लागायच्या वेळी डिस्कवर तेल असणं म्हणजे काय, ते सांगायला नको. पाईपला घडी पडली असेल तर त्याचा विचारही नको.

टी तपासायची सोपी रीत म्हणजे दोन्ही सरळ पाईप तिच्यात आवळायचे आणि बाजूने बघायचं. एका पाईपने दुसरा पूर्ण झाकला पाहिजे. खालची टी पिळलेली असेल तर पाईप कात्रीसारखे फाकलेले दिसतात. कोन सेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचंही, असंच. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल एका बोटाने हळू फिरवा. बरोबर मधोमध आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर धक्क्याने गोळ्यांनी वाट्यांत खड्डे पाडले आहेत. कोन सेट स्वस्त मिळतो, तो बदलाच.

आता चेसिस. नेकच्या, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या, खाली, जिथे चेसिसचे पाईप येऊन वेल्ड झालेत, तिथली घाण रॉकेलने धुऊन काढा आणि रंगाकडे पाहा. लोखंड वाकण्याआधी रंग बोलतो. सुरकुत्या, बारीक तडे, एखादा पापुद्रा दिसला तर त्या पाईपखालून बोट फिरवा. फुगवटा बोटाला लागतो. मग दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, त्यासाठी सुतळीची परीक्षा. मागच्या टायरला मागून सुतळी गुंडाळून तिची दोन्ही टोकं पुढे आणा, मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकतील अशी ताणा. पुढचा टायर बारीक असतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी फट राहील. ती दोन्हीकडे सारखी हवी. शेवटी दोन्ही एक्सलच्या मध्यांमधलं अंतर मोजा. या पल्सरचा व्हीलबेस १३२० मिमी. ठळक कमी भरला तर नेक मागे ढकलला गेला आहे. तसं असेल तर थांबा. चेसिस नंबर चेसिसवरच असतो आणि भंगारातून दुसऱ्याची चेसिस आणून बसवणं ही दुरुस्ती नव्हे, तो गुन्ह्याचा रस्ता आहे.

अलॉय रिम वाकली तर ती तापवून ठोकून घेऊ नका. ओतीव ॲल्युमिनियम आतून तडकतं आणि बाहेर काही दिसत नाही. तारांच्या रिमचं तसं नाही. तार आवळून, सैल करून आऊट (रिमची डगमग) काढता येतो. पुण्यात नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सेकंडहँड सुटे भाग शोधणार असाल तर मडगार्ड, आरसे, फुटरेस्ट बिनधास्त बघा. ब्रेक होज, मास्टर सिलिंडर आणि अलॉय मात्र नवेच घ्या.

इतकं झाल्यावर चेहऱ्याकडे वळायचं. २००१ साली पहिली पल्सर आली तेव्हा तिला गोलच हेडलाईट होता. फेअरिंग आलं ते २००३ च्या डीटीएस-आय मॉडेलबरोबर. तेव्हा फुटलेलं फेअरिंग सोडून शॉकअपच्या पाईपांवर क्लॅम्प लावून गोल दिवा बसवला, तर ती या गाडीच्या मूळ चेहऱ्याकडची वाट आहे. मीटरला आधार म्हणून पत्र्याची साधी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्या. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून वायर कुठे ताणत नाही ना, दिवा टाकीला लागत नाही ना, ते बघा. इंडिकेटर आणि मागचा रिफ्लेक्टर काढू नका. त्यांच्याशिवाय गाडी सुटसुटीत दिसते हे खरं, पण अंधारात मागच्या ट्रकवाल्याला ती दिसली पाहिजे.

कायद्याची हद्द इथेच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चेसिस कापायची नाही, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा नाही, आणि रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत जाऊन नोंदीचं विचारायचं.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट रस्त्यावर, तिशीच्या आत घ्या. हँडलवरची पकड हलकी ठेवा, पण हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. मग पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा आणि टीमधून ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐका. आला तर कोन सेटचा नट सैल आहे. शंभरेक किलोमीटर झाले की टी, एक्सल आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा, कारण नवे भाग बसताना थोडी जागा करून घेतात. टाकीचा पोचा तोवर तसाच राहू द्या. पुढच्या आठवड्यात तो काढू. टाकीत पेट्रोलचा वास आहे तोवर तिला वेल्डिंगवाल्याच्या जवळपासही नेऊ नका.